पाण्याला वाहिलेली तंबाखू

(तळ्याच्या काठावर, ताडपत्रीवर पसरलेला ओला, तळ्यातच आपसूक उगवणारा रानभात मूळनिवासी वस्तीतला म्हातारा हार्वी आणि त्याची थोरली बहीण डेल्फीन वाळायला हातांनी खालीवर करत बसली आहेत.)

हार्वी : ...तर त्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही, ताई. वसंतात आलं होतं.

डेल्फीन : कुठलं? तळ्याकाठच्या बंगलेवाल्यांचं?

हार्वी : त्यांच्या मंडळाचं. मंडळाला शंभर वर्षं होतात, तर समारंभात आपल्या भाषेत तीन मिनिटं बोला, आमचं स्वागत करा. सोबत तंबाखूची पुडी होती.

डेल्फीन : बरं शिकवलंय कुणीतरी. शंभर वर्षं आपल्या तळ्यात तंगड्या सोडून बसले, तेव्हा नाही काही विचारायचं सुचलं.

हार्वी : आपल्यात तंबाखू घेतली तर काम पत्करलं, नको असेल तर पुडी परत करायची. मला दोन्ही जमेना. फळीवर ठेवून दिली, पुस्तकांच्या मागे.

डेल्फीन : निळी पुडी?

हार्वी : का गं?

डेल्फीन : सकाळी नाव लोटायच्या आधी पाण्याला वाहायला तंबाखू हवी होती. माझी संपलेली. तुझी घेतली.

हार्वी : सगळी?

डेल्फीन : मी चिमूटभर वाहिली. उरलेली बाकीच्या नावांतल्या लोकांना वाटली.

हार्वी : म्हणजे पत्करलं. मी एकट्यानं नाही, सगळ्या वस्तीनं.

डेल्फीन : दुकानातून दुसरी आण नि दे धाडून.

हार्वी : त्यांची पाण्यात गेली. आता दुसरी परत करणं म्हणजे पाण्याशी खोटं बोलणं. हे तूच शिकवलंस मला.

डेल्फीन : तेव्हा तोंड मिटून बसायला हवं होतं मी. मग बोल जाऊन तीन मिनिटं. मरतोस काय?

हार्वी : पत्राचा शेवट तू वाचला नाहीस. माझं बोलणं झालं की त्याच संध्याकाळी भात कापायचं यंत्र तळ्यात उतरवणार. परवान्याला आपल्या लोकांची संमती लागते. माझा फोटो छापतील नि म्हणतील, म्हातारा स्वतः आला होता, आशीर्वाद देऊन गेला.

डेल्फीन : त्यांची चिटणीस मला दुकानात म्हणाली, तुमचं ते गवत आमच्या मोटरबोटीच्या पंख्यात अडकतं. वर म्हणते, आम्ही चार पिढ्यांचे इथले. म्हटलं, बाई, चार पिढ्यांत भात नि गवत ओळखता येईना? आमचं कुत्रं ओळखतं.

हार्वी : मग?

डेल्फीन : हसली. त्यांना वाटतं, आपण गमतीदार माणसं.

हार्वी : चार लोकांसमोर बोलायची मला सवय नाही. आणि आपली भाषा तर गोऱ्यांच्या शाळेनं बोलू न देता काढून घेतलेली, नंतर पुस्तकातून जमवलेली. चुकलो तर?

डेल्फीन : त्यांच्यातल्या कुणाला कळणार आहे? पत्र काढ. काय मागितलंय ते नीट वाच. त्याहून कणभर जास्त द्यायचं नाही.

हार्वी : 'या भूमीचे यजमान या नात्याने आपण आमचे स्वागत करावे.'

डेल्फीन : यजमान? असं लिहिलंय?

हार्वी : सहीशिक्क्यासकट.

डेल्फीन : शोभेला लिहिलं असेल.

हार्वी : असेल. पण मी वाचणारा माणूस, ताई. लिहिलेलं असतं तसंच घेतो. आपल्यात पाहुणा दारात आला की पहिलं काय विचारतात?

डेल्फीन : कुठून आलास, कुणाचा कोण, किती दिवस राहणार. मग जेवायला वाढतात.

हार्वी : आणि पाहुण्यानं यजमानाचंच पीक कापायला काढलं तर?

डेल्फीन : तर त्याचे जोडे त्याच्या हातात देतात. तू काय करायचं म्हणतोयस?

हार्वी : बघतो लिहून. जमेल की नाही, देव जाणे.

*

हार्वी : गाडी थांबव, टपालपेटी आली.

डेल्फीन : आधी वाच.

हार्वी : 'तंबाखू पोचली, म्हणून येतो. यजमान म्हणून बोलावलंत, तर यजमानासारखाच येईन. कुठून आलात, कुणाचे कोण, किती दिवस राहणार, हे प्रत्येकाला विचारीन. यंत्र पाण्यात उतरवायला यजमानाची मनाई आहे. आम्हाला यजमान म्हणणाऱ्या आपल्या पत्राची नक्कल परवाना देणाऱ्या कार्यालयाला याच टपालानं पाठवतो आहे.'

डेल्फीन : नक्कल कुठाय?

हार्वी : या दुसऱ्या पाकिटात. जरा उद्धट झालं का गं?

डेल्फीन : पुस्तकं वाचून पोरगं वाया गेलं, म्हणायची आई. टाक आता.

हार्वी : टाकली दोन्ही.

डेल्फीन : खाली 'आपला नम्र' लिहिलं असशील, सवयीनं.

हार्वी : लिहिलं होतं. मग खोडलं. नुसतं नाव ठेवलं.