नकारपत्र

—नाही, पडला नाही तो. मघाशी मी बाथरूममध्ये घसरला म्हणाले ना, ते खोडा, सिस्टर. कपाटाच्या दारात बोटं सापडली त्याची. लोखंडी कपाट. सापडली म्हणजे — तो आतून शर्ट काढत होता आणि मी दार लावलं. लाथेनं. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा ओरडला, दुसऱ्यांदा माझं नाव घेतलं, तिसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. नवरा आहे माझा. एकोणीस वर्षं झाली.

का म्हणजे? आज बढतीची यादी लागली. बावीस वर्षं आस्थापना शाखेत खर्डेघाशी केली मी, या वेळी कार्यालयप्रमुख होणार होते — त्या खुर्चीत आजवर एक बाई बसलेली नाही — आणि यादीत माझ्या जागी कोण, तर ज्याला मी हाताला धरून टिपणी लिहायला शिकवली तो. साहेबांकडे गेले. त्यांनी फाइल पुढे केली. ‘कौटुंबिक कारणास्तव मला पदोन्नती नको.’ खाली सही माझी. खोटी नाही हो, माझीच. मुलीच्या शाळेचे कागद म्हणून सकाळच्या घाईत यानं पुढे सरकवले होते — इथे कर, इथे कर — आणि मी डबा भरता भरता करत गेले. त्यातलाच हा एक, माझ्या पिशवीतल्या गठ्ठ्यातून काढलेला आणि सही झाल्यावर परत त्यातच घुसवलेला. घरी येऊन विचारलं तर म्हणतो, तुझ्याच भल्यासाठी केलं, तू दुसऱ्या गावी गेल्यावर इथे कोण बघणार? मग मी दार लावलं. आणि त्या कागदावर आवकचा शिक्का कोणाचा? तोही माझाच. गठ्ठा वाचतंय कोण — दणादण मारत सुटायचं.

कसला गठ्ठा म्हणजे? नकारपत्रांचाच. यादी निघायच्या आधी बायकांकडून घ्यायची असतात — म्हणजे, असतात असं नाही, साहेबांना घेतलेली आवडतात. ते मसुदा देतात, मी एकेकीला गोड बोलून समजावते — पोरं लहान आहेत गं, सासू अंथरुणाला खिळलीय, कशाला ते लांबचं गाव — आणि सही घेते. रडली एखादी तर पाणी देते. यंदा अकरा झाली. माझं धरून बारा.

असं काय बघताय? मी फसवलं नाही कुणाला, समजावलं. टपाल बघणारी ती एक तर तीन दिवस ऐकेना, बढती हवीच म्हणाली. चौथ्या दिवशी मी तिच्या नवऱ्याला फोन केला, नुसतं कानावर घातलं, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी सही करून कागद घेऊन आली. ओठ फुटलेला होता तिचा, डोळ्याखाली काळं-निळं. माझ्याकडे बघत उभी राहिली. मी शिक्का मारला आणि—

तुम्ही आत जा, सिस्टर. त्याच्याकडे बघा जा.