दोनशे नव्वद व्होल्टचं गणित

माझं माहेर हदगावकडचं, कापूस-सोयाबीनचं घर, अन् दिलं रेणापूरला. बारावीला फिजिक्स व्हतं म्हनून लातूरला मोटरीचे स्टार्टर बनवायच्या कारखान्यात लागले, पर काम काय तर सोल्डरिंग. दहा बाया एका टेबलावर, मान खाली, अन् नक्षा काढणारे आत केबिनात. मला मात्र खोड, नवा बोर्ड हातात आला की वहीच्या मागच्या पानावर गणित मांडायची, कोणता पार्ट किती तापंल. बाया हसायच्या, म्हनायच्या सुमनताई, आता कोणती परीक्षा द्यायलीस गं.

तर काय सांगू तुम्हाला, एकदा विहिरीवरच्या मोटरीसाठी नवा बोर्ड आला. त्यात एक रेझिस्टर, म्हंजे करंट अडवणारा पार्ट, दोन वॉटपर्यंत गरमी सोसणारा. मी मांडलं, दोनशे तीस व्होल्टवर गरमी एक पॉइंट सहा वॉट, म्हंजे बरोबर हाय. पर दोनशे तीस लातूरच्या केबिनात असतेत हो! आमच्या गावाकडं बाजाराच्या दिवशी समदे मोटरी बंद करून हदगावला गेले की व्होल्टेज असं फुगतं, वडील घरातले बल्ब काढून ठिवायचे. म्हनून दोनशे नव्वद धरून परत मांडलं, तर अडीच वॉट. जळणारच की.

वही घेऊन गेले केबिनात, म्हन्लं हितं पाच वॉटचा टाका. मालक म्हन्ले, ताई, नक्षा इंजिनिअरनं काढलाय, जळला तर बदलून देऊ. मला लई राग आला. म्हन्लं मालक, तवर उभं पीक वाळंल ते कोण बदलून देईल? इंजिनिअर म्हन्ला, अन् तुमचंच चुकलं तर? म्हन्लं, तर उद्यापासून येत न्हाई. बोलून तर गेले, पर घर माझ्याच पगारावर चालून राहिलं व्हतं.

मालकानं व्होल्टेज कमीजास्त करायचा डिमर लावला. दोनशे तीसवर अर्धा घंटा काहीच न्हाई, इंजिनिअर गालात हसून राहिला. मग दोनशे नव्वद. पंधरा मिनिटांत वास सुटला, रेझिस्टर काळा पडला, बोर्ड बंद! मी सांगितलेला पाच वॉटचा टाकला, तर त्याच दोनशे नव्वदवर घंटाभर बोर्डाला काही झालं न्हाई. बायांनी टेबल वाजवून वाजवून कारखाना डोक्यावर घेतला, अन् मी रडले, खुशीनं.

आता कोणताबी नक्षा जोडायच्या आधी माझ्या वहीतून जातो. सोल्डरिंग बी चांगलंच काम हाय, पर समद्या बायांच्या हातासंगं डोक्यालाबी काम मिळो, एवढंच मागनं. मालक स्वतः कागद घेऊन येतेत, टेबलापाशी उभे राहतेत. मी म्हन्ते, बसा मालक, वेळ लागंल.