दोन पट्ट्यांच्या मधला स्वर

आजच्या सभेचे अध्यक्ष प्राचार्य व्यंकटराव साळेगावकरसाहेब, बडोद्याहून मुद्दाम आलेले पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या डॉ. कमलबाई सेलूकर, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसलेली माझी आई सरजाबाई, सगळ्यांना माझा नमस्कार.

आईला का आणलं ते पुढं सांगतो. तिनं आल्याआल्या मला बजावलंय, "लय लांबवू नको, झरीची शेवटली गाडी चुकंल." तेव्हा अध्यक्षांनी घंटी वाजवायचे कष्ट घेऊ नयेत.

माझ्याआधी चार जण बोलले. चौघांनीही बाईंचं मनापासून कौतुक केलं. मला मनापासून बोला म्हणाल तर पंचाईत आहे. गेली अकरा वर्षं मी या बाईंचा हेवा करत आलो आहे. साहेब, दचकू नका. पत्रिकेत माझ्या नावापुढं 'मनोगत' असं छापलंय आणि मनात तर हेच आहे.

बाई पासष्ट साली आपल्या संस्कृत विभागात आल्या. मी तेव्हा इथला जुना संगीतशिक्षक, हैदराबादेत उस्तादांकडं पेटी शिकून आलेला. कोणीतरी ओळख करून दिली, "हे माणिकराव झरीकर, पेटी फार छान वाजवतात." बाई म्हणाल्या, "पेटी होय? ती तर परवापरवा विलायतेहून आली. मी सात-आठशे वर्षांमागचं गाणं शोधते." झालं. पहिल्याच दिवशी माझी पेटी बाद.

बरं, ज्यांनी गाण्यावर अधिकारानं बोलावं त्यांना स्वतःला गाता यावं की नाही? बाईंना येत नाही. राष्ट्रगीताला मी त्यांच्या शेजारी कधी उभा राहत नाही, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण याच बाईंना डॉक्टरेट मिळाली. त्यांचे निबंध काशीला वाचले गेले, म्हैसूरला वाचले गेले. माझं वादन सर्वांत लांब गेलं ते जिंतूरच्या गणेशोत्सवापर्यंत, आणि तिथंही मधेच लाईट गेली. हेवा वाटू नये तर काय वाटावं?

आता बाईंच्या कामाविषयी. जुन्या ग्रंथांमध्ये महाराष्ट्रातल्या बायकांच्या ओवीचा उल्लेख सापडतो. ती ओवी कशी म्हणत असतील, तिची चाल अजून कुणाच्या गळ्यात उरली असेल का, हा बाईंचा ध्यास. त्या दर सुट्टीत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन एस.टी.नं निघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "माणिकराव, तुमच्या आई गातात का हो?"

मी म्हणालो, "माझी आई गात नाही." त्यात खोटं काही नव्हतं. मी चार वर्षांचा असताना वडील गेले, तेव्हापासून तिला गाताना मी ऐकलेलं नाही. पण खरं सांगतो, बाईंनी माझ्या घरी येऊ नये असंही वाटलं. म्हणून मी त्यांना बोरीला जा म्हणालो. तिथून आल्यावर सोनपेठला जा म्हणालो. जिल्ह्याचं एक टोक झालं की दुसरं. बाईंनी पाच वर्षांत जात्यावरच्या दोनशे ओव्या गोळा केल्या आणि प्रत्येक वेळी येऊन माझेच आभार मानले. बाई, आज त्याबद्दल हात जोडतो.

त्र्याहत्तरच्या गणेशोत्सवात मी त्या कार्यक्रमासाठी जिंतूरला होतो. बाई कुणालाही न सांगता आमच्या झरीच्या गाडीत बसल्या. पुढचं मला आईकडून कळलं, तेही फार उशिरा.

बाईंनी ओसरीवर बसून जात्यावरच्या ओव्या ऐकवल्या. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, हे दळणाचं झालं. कांडणाचं येगळं ऱ्हातंय. मुसळ वर जातंय तव्हा सूर लांबवायचा, खाली येतंय तव्हा तोडायचा." बाईंनी पिशवीतून वही काढली. ग्रंथातल्या ज्या ओळीवर त्यांचा सगळा प्रबंध उभा होता, तिच्यात कांडणच लिहिलेलं होतं. ते सगळ्यांनी वाचलं होतं, बाईंनीही वाचलं होतं आणि ओवी म्हणजे जातं असं धरून सगळे पुढं गेले होते. बाईंनी म्हणे कपाळावर हात मारून घेतला.

मग बाई म्हणाल्या, म्हणून दाखवा. आई म्हणाली, "मुसळ हाती घेतल्याबिगर येत न्हाई. अन् हळदीचं मुसळ मला चालत न्हाई."

इथं जे लहान आहेत त्यांना सांगतो. लग्नाच्या आधी पाच सवाष्णी मुसळाला आंब्याची डहाळी बांधून हळद कांडतात आणि गाणी म्हणतात. विधवेनं त्या मुसळाला हात लावायचा नाही. लग्न होऊन आल्यापासून माझी आई झरीत प्रत्येक मांडवात पहिली बोलावली जायची, असं म्हणतात. वडील गेल्यावर बोलावणं थांबलं आणि गाणंही. मिरच्या तिनं पुढं जन्मभर कांडल्या, दुष्काळात रेशनवर मिलो आला तेव्हा मिलोही कांडला, पण मुकाट्यानं.

बाई उठल्या. फडताळातून हळकुंडं काढली, उखळात टाकली आणि मुसळ आईच्या हातात दिलं. आई म्हणाली, "लोक काय म्हणतील?" बाई म्हणाल्या, "तुम्ही विधवा, मी बिनलग्नाची. आपल्या दोघींना म्हणायचं ते म्हणून झालंय." दुसरं मुसळ त्यांनी स्वतः धरलं. आईनं दुपारभर सतरा गाणी म्हटली.

त्या रात्री मी जिंतूरला, लाईट गेलेल्या मांडवात, अंधारात पेटी वाजवत होतो.

पुढल्या वर्षी बाईंचा निबंध छापून आला. या महाविद्यालयाच्या वाचनालयात बसून मी तो चाळत होतो. शेवटी लिहिलं होतं, 'गायिका : सरजाबाई, झरी, वय अंदाजे सत्तर.' मंडळी, स्वतःची आई गाते हे छापील कागदावर वाचून कळावं, असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. निबंधात चालीचं स्वरलेखन होतं. मी घरी येऊन पेटी काढली. पट्ट्या दाबून पाहिल्या. चाल लागेना. तिचा एक स्वर माझ्या पेटीत दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी आहे. तिथं बोट ठेवायला जागा नाही.

बाई म्हणाल्या, "या घरी, टेप ऐकवते." मी म्हणालो, स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू आहेत, वेळ नाही. त्याला आता दोन वर्षं होतील. तालमी अजून संपलेल्या नाहीत. मला राग होता. बाईंपेक्षा आईवर जास्त होता. परक्या बाईपुढं सतरा गाणी आणि पोटच्या पोरापुढं एक नाही.

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं. बाई नव्या नोकरीवर बडोद्याला निघाल्याची बातमीही त्याच आठवड्यातली. एका रात्री जेवताना मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आई, त्यांना म्हणून दाखवलंस. मला का नाही?"

आई म्हणाली, "तू कव्हा मागितलंस? तुझ्या लग्नात बाहेर हळद कांडायल्या व्हत्या, अन् मी मागच्या खोलीत कणगीपाशी बसले व्हते. तू आत आलास, टोपी घेतलीस, माझ्याकडं बघितलंस अन् गेलास. बाईनं मुसळ हाती दिलं, म्हून म्हणलं."

मला ती टोपी आठवते. आईला बघितल्याचंही आठवतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, हैदराबाद पाहिलेला, शिकलेला माणूस होतो. नवरदेवानं बाहेर येऊन एक शब्द टाकला असता तर त्या दिवशी नाही म्हणायची कुणाची टाप होती? माझ्या डोक्यात तेव्हा बँडवाले वेळेवर येतील का, एवढंच होतं.

म्हणून बाई, निरोपाच्या सभेत आईला घेऊन आलोय आणि तिच्यासमोर निमंत्रण देतो. वैशाखात लग्न आहे. झरीला आमच्या दारात हळद कांडताना पहिलं मुसळ आई धरेल. भावकीतल्या दोघांनी नाकं मुरडली, त्यांना जेवायला यायचं तर या म्हणून सांगितलंय. आईची अट एकच आहे. दुसरं मुसळ बाईंच्या हाती पाहिजे, नाहीतर ती म्हणणार नाही. आताही तुम्हीच! हेवा संपलाय असं मी म्हणत नाही.

तुम्ही बडोद्याहून या. भाडंतोडं, गाडीघोडा सगळं माझ्याकडं. फक्त टेपरेकॉर्डर आणू नका. तुमच्याकडं सतरा आहेत, हे अठरावं माझ्यासाठी राहू द्या.

बाईंचे, अध्यक्षांचे आणि एवढा वेळ ऐकून घेतलंत त्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात वावगं गेलं असेल ते पोटात घाला. टेपरेकॉर्डरचं तेवढं मागं घेत नाही. आई उठून उभी राहिली आहे, गाडीची वेळ झाली असावी. मी थांबतो.