बर्फातल्या चकोल्या

आखाती देशातल्या अल् खुवैरच्या व्हिसा ऑफिसात शेजारच्या बाकावर मराठी ऐकू आलं आणि माधवीने कान टवकारले. नवरा-बायको होते, सोबत नवऱ्याची आई.

“देवेश, टोकियोत नको हं. हित्सुमी खायची तर तिकडे उत्तरेत, इवातेतच, बर्फ पडत असताना.”

“तिकडे एका खेड्यात घरगुती मिळते म्हणे. आजीबाई स्वतः करतात.”

“काय असतं रे ते?”

“सूप गं, आई. कणीक मळायची, तुकडे तोडून उकळत्या रश्श्यात सोडायचे.”

“अगंबाई, म्हणजे आपल्या चकोल्याच की!”

“तसं नाही हो आई. ती त्यांची ट्रॅडिशनल डिश आहे.”

“परवा याचा साहेब, तो अर्बाब, जेवायला आला, तेव्हा मीही केल्या होत्या. तुम्ही पातेलं बाल्कनीत नेऊन ठेवलंत.”

“आई, हळू बोल ना. लोक ऐकतायत.”

माधवीने घाईघाईने मोबाईलमध्ये डोकं घातलं.

“बरं, नाही बोलत.”

देवेश हातातले फॉर्म चाळू लागला. मग म्हातारीचाच आवाज आला, अगदी हळू.

“तिथे मात्र पानात टाकू नका हो. ती आजीबाई आत उभी राहून बघत असेल.”