एकाच्या भावात दोन

(महाड, १९८७. टायपिंगचा क्लास नुकताच सुटला आहे. ललिता मशीनांवर कव्हरं घालते आहे. वडील काशीराम बाकावर बसले आहेत.)

काशीराम : तरी मी म्हणतो, ललिते, एकाच्या भावात दोन कॉम्पुटर येतात तर दोन घे. ते स्वस्तातले, टीव्हीला जोडायचे.

ललिता : बाबा, काल मुंबईच्या दुकानात घड्याळ लावून तुम्हीच बसला होतात ना?

काशीराम : बसलो व्हतो. तू दोन्हींवर टाईप केलंस, मिनटाला शब्द सारखेच आले. मग महागाचा जोरात पळतो कुठं?

ललिता : ते शब्द माझ्या बोटांचे. त्यात कॉम्प्युटरचा वेग कसा कळणार? म्हणून तर नंतर नात्यातल्या माणसांची शंभर नावं घातली आणि अक्षरांच्या क्रमाने लावायला सांगितली.

काशीराम : हां, महागड्यानं पान तोंडात टाकंस्तवर लावली.

ललिता : आणि स्वस्तातल्याने?

काशीराम : सात मिनटं. पर एक नाव चुकलं नाय. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?

ललिता : पोलादपूरच्या मुलींना पकडायची असते. साडेपाचची एसटी. जेमतेम तास मिळतो त्यांना.

काशीराम : तेच सांगतोय. सहा पोरी, एक मशीन. दहा मिनटं येणार एकीच्या वाट्याला. दोन असले तर वीस.

ललिता : बरोबर आहे तुमचं. पण मुंबईच्या ऑफिसांत ते टीव्हीवाले नाहीत, बाबा. तिथे हा महागातलाच आहे.

काशीराम : शिकलेलं वाया जातं काय? बटणं तीच हायत.

ललिता : मलाही तसंच वाटलं होतं. मुंबईला नोकरीच्या परीक्षेला बसले तेव्हा समोर कोरं मशीन आलं. मला आपल्या जुन्यावर ठोकायची सवय. अक्षरावर अक्षर चढलं. अर्धा कागद वाया गेला. तुम्हाला सांगितलं, वेळ कमी पडला.

काशीराम : ते मशीन मी आणलं व्हतं. भंगारातनं.

ललिता : तुम्ही आणलंत म्हणून आज माझा क्लास आहे. पण या मुलींनी घरी जाऊन असं खोटं सांगावं, हे मला सहन होणार नाही. मी एकच घेणार. सकाळी सातलाही क्लास उघडेन.

काशीराम : सातला? कुडपणची शकू डोंगर उतरून येणार कधी?

ललिता : ती माझ्याकडे राहील. तिच्या आईला विचारलंय.

काशीराम : म्हंजे तुझं ठरलंय.

ललिता : ठरलंय. पण पैसे तुमच्या गिरणीच्या फंडातले आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर थांबेन, दोन वर्षं साठवेन आणि हाच घेईन.

काशीराम : कशाला थांबतेस? उद्या पहिल्या गाडीनं जाऊ. आन ऐक गो, खोका आपल्यासमोर फोडायला सांगायचा. दुकानात मांडून ठेवलेला घ्यायचा नाय.