तात्यांची चार चाकं

जुनी गाडी बघायला माझ्यासारखा मुखदुर्बळ माणूस कधी नेऊ नका.

काकांना पावसात निर्मळच्या वाडीतून केळी काढायला चारही चाकांनी ओढणारी जीप हवी होती. आगाशीचे तात्या, काकांचे जुने स्नेही, आपली जीप विकत होते. मी गॅरेजात काम करतो म्हणून मला नेलं. काकांनी तर नारळही सोबत घेतलेला.

मी जीपखाली सरकलो आणि बघतो तर काय? पुढच्या चाकांना ताकद देणारा दांडाच काढून टाकलेला!

बाहेर आलो तर तात्या हसत उभे. "काय बाळा, पास ना?"

आत्ताच त्यांच्या घरचा चहा प्यायलेलो. तोंडावर कसं बोलणार? काका नारळ फोडायला दगड शोधू लागले.

"काका," मी कसंबसं म्हणालो, "आधी त्या चिखलात घालून बघूया?"

"कशाला? सकाळीच धुतलीय!" तात्या घाईने म्हणाले. पण काकांनी जीप घातलीच. मागची चाकं चिखल उडवत जागीच फिरली, पुढची हललीसुद्धा नाहीत. जीप रुतली.

काकांनी खाली उतरून नारळ परत पिशवीत टाकला. तात्या माझ्याकडे वळले. "खाली गेलास तेव्हाच दिसलं होतं ना तुला?"

"हो."

"मग तेव्हाच बोलायचंस ना, गाढवा! आता पांढऱ्या पँटीत मलाच ढकलायला लागणार."