एका नंबरावर पाच माणसं

— न्हाई न्हाई रुद्रभाऊ, मशीन खोटं बोलत न्हाई, तुमी आधी तो पाइप की-बोर्डवरनं उचला, बटनं दबून राहिलीत. बसा ना. संतरामतात्यांनी पाठवलं म्हनल्यावर हा विश्वंभर कधी न्हाई म्हनला का? त्यांच्या हळद कंपनीचं सगळं ॲप मीच बांधलं, ह्याच वसमतच्या दुकानात बसून — कुरुंद्यापासून डोंगरकड्यापर्यंतचे शेतकरी, मजूर, सगळे त्यात हायेत. आता नीट ऐका, म्हंजे तात्यांना बराबर सांगाल. दोन पेट्या हायेत. कलेक्शन म्हनतो आमी. एका पेटीत मानसं — नाव, गाव, मोबाइल. दुसऱ्या पेटीत तक्रारी — तिथं नाव न्हाई, नुसता मोबाइल नंबर. काहून? तात्याच म्हनले व्हते, नाव विचारू नको, लोक मोकळं बोलतील. मग तक्रार कोनाची ते बघायचं तर दोन्ही पेट्या नंबरावरनं जोडायच्या. एक ओळ लिहायची, बास. ती ओळ तक्रारीतला नंबर घेती, मानसांच्या पेटीत धुंडती, जुळंल ते नाव आनून पुढं ठिवती.

त्या दिवशी तेच केलं की. तात्या हितं माझ्या डोक्यावर उभे, तुमी दारात. तक्रार व्हती — हळद शिजवायच्या कुकरचा व्हॉल्व तारेनं बांधून चालवता, वाफेनं मजुरीवरच्या पेमाचं तोंड सोललं, तुमी ती घरी चुलीवर भाजली म्हनून लिहून घेतलं, आता मी कलेक्टरकडं जानार, असं लिहिलेलं. तात्या म्हनले, नाव काढ. काढलं. सोनाजी. मला वाटलं दोन कानाखाली द्याल आन सोडाल. तुमी त्याला कुकरच्या शेडात नेलं. एकेक बोट फरशीवर ठिवून ह्याच पाइपानं — व्हय, मी दवाखान्यात जाऊन बघून आलो. चरकातनं निघालेल्या चिपाडावानी झालेत हात. बायको चमच्यानं भरवून राहिली त्याला. तो नुसता मला म्हनतो, विश्वंभर, मी काय केलं तेवढं तरी सांग. जेवन गेलं न्हाई मला दोन दिवस.

आता तुमी म्हनता सोनाजी खाटंवर पडलाय, मग परवा त्याच्याच नंबरावरनं दुसरी तक्रार कशी आली. सोपं हाय भाऊ. तक्रार टाकायला त्याचा फोन लागतच न्हाई, कुठूनबी ॲपात नंबर टाकला की झालं. आन नंबर एकट्या सोनाजीचा न्हाई. मजुरांचे फॉर्म भरले तवा त्या गल्लीत फोन त्याच्याकडंच व्हता. बायांना मोबाइल विचारला तर म्हनल्या, सोनाजीचाच टाका, निरोप तोच देतो. पाच मानसं एका नंबरावर. ओळ पाचीच्या पाची नावं आनती, मी पहिलं उचलायला सांगून ठिवलेलं — एका मानसाचा एक नंबर, असं धरून चाललो व्हतो. ही माझी चूक, मान्य. तात्यांना सांगा, विश्वंभरनं कबूल केलं.

बाकीची चार? ती काढून काय करनार तुमी? अजून चौघांचे हात मोडनार? त्यातल्या तिघींना तर ॲप उघडतासुद्धा येत न्हाई. तिला तरी कुठं येतं, अंगठा लावती बिचारी, तिनं सांगायचं आन मी —

न्हाई, म्हंजे, लोक येतात ना दुकानात. अर्ज लिहून द्या, फॉर्म भरून द्या. मी कोनाकोनाचं ध्यानात ठिवू? परवाची? परवा ती रडून राहिली व्हती भाऊ. म्हनली, माझ्यापायी सोनाजीचे हात गेले, तेबी लिही. तिला न्हाई कसं म्हनू? — व्हय, पहिलीबी मीच लिहिली व्हती. मग ठावं व्हतं का म्हनता? व्हतं. पहिलंच नाव उचलतं म्हनलो ते खोटं — पडद्यावर पाची नावं आली व्हती, सोनाजी वर, ती खाली. तात्या चष्मा पुसत व्हते. मी वरचं वाचून दाखवलं. आता झालं समाधान?

शटर काहून ओढलं तुमी? रुद्रभाऊ, बाहेर लोक हायेत, बस स्टँडवरची मानसं येतात-जातात हितनं. हात सोडा. ह्या बोटांवर घर चालतं माझं, दोन लेकरं हायेत — टेबलावर नका दाबू, ऐका, ऐका ना, दुखून राहिलंय — सखुबाई. सखुबाई हाय ती. सोनाजीच्या गल्लीत शेवटचं घर, पत्र्याचं. एकटीच राहती.

सोडा आता.

उघडा शटर आन जावा. तिच्यापुढं माझं नाव तेवढं काढू नका. सख्खी मावशी हाय ती माझी.